तेरा आणि अठरा

आबा माझ्या खोलीत यायचे ते कायम वर बघत. पाय उंबऱ्याशी, नजर माळ्यावर. "बाई, जरा बघू का?" असं विचारायचे आणि माझ्या होकाराची वाट न बघता चपला बाहेर काढून आत यायचे. मी सात वर्षं त्यांची भाडेकरू होते, पण माझ्या पुस्तकांकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग खिशातून पांढरी चिकटपट्टी काढली, तिच्यावर स्केचपेननं 'वजन जास्त' असं लिहिलं, ती कपाटाला लावली आणि निघून गेले. ती पट्टी अजून तिथंच आहे.

माळ्यावर जुन्या गाद्यांच्या शेजारी, भिंतीला ठोकलेली आगपेटीएवढी एक धातूची डबी होती. गच्चीवरच्या डिशकडून आलेली एकच केबल तिच्यात शिरायची आणि तीन होऊन बाहेर पडायची. एक खाली थोरल्या मुलाकडे, एक खालीच धाकट्याकडे आणि एक माझ्या शेजारच्या खोलीत, खुद्द आबांकडे. दुकानात तिला स्प्लिटर म्हणतात. आबा तिला तिकटी म्हणत. आपल्याकडं तीन रस्ते मिळतात तिथं तिकटी असते, तसं. माझ्याकडे टीव्ही नव्हता. म्हणूनच तिकटी माझ्या खोलीत ठेवली असावी. ज्याला त्यातलं काही नको, त्याच्याकडे ती सुरक्षित राहील, असा त्यांचा हिशेब होता.

वारणानगरच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी उभी हयात वायरमनची नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावरही सदऱ्याच्या खिशातला टेस्टर गेला नाही. नळाला हात लावायच्या आधी टेस्टर, लोखंडी खुर्चीवर बसायच्या आधी टेस्टर. गल्लीतल्या एका लग्नात ते सरळ स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या खुर्चीला टेस्टर लावून मगच खाली उतरले. मुलीचा बाप रागावला, तर म्हणाले, "मांडववाल्याची वायरिंग हाय ही. हिच्यावर इस्वास ठिवून पोरीला आजच पांढऱ्या कपाळाची करतो काय?" त्यानंतर गल्लीतल्या लग्नांत त्यांना पहिल्या पंगतीला बसवून लवकर घरी पाठवायची पद्धत पडली.

पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांना ते खिडकीतून ओरडायचे, "पावणं, वल्या हातानं बेल दाबू नका." माणसाची चौकशी करताना 'कसं काय' म्हणत नसत, 'सप्लाय हाय नव्हं?' म्हणत. मला एकदा ताप आला तेव्हा दारातूनच माझ्याकडे बघून म्हणाले, "व्होल्टेज कमी दिसतंय," आणि थोरल्या सुनेला भाताची पेज करायला सांगून गेले. मी त्यांची कोणी नव्हते. पण पेज चार दिवस येत राहिली.

विजांची त्यांना मनापासून धास्ती होती. वळवाचे ढग जोतिबाच्या डोंगराकडे दिसायला लागले की ते गच्चीवर जाऊन केबल काढायचे. सगळ्या घराचे टीव्ही गप. मग ती सुटलेली केबल लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत सोडायची आणि बरणी जिन्याच्या पायरीवर ठेवून स्वतः शेजारी बसायचं. काचेतून करंट जात नाही म्हणून. पाऊस पडून गेला, ऊन पडलं, तरी ते तासभर तसेच बसलेले. धाकटा खालून म्हणायचा, "आबा, आता त्या केबलीला मीठमोहरी लावा."

मी पहिल्यांदा खोली बघायला आले तेव्हा मला वाटलं होतं की हे दोन शेजाऱ्यांचं घर आहे. दारं दोन, बेला दोन, विजेचे मीटर दोन, गच्चीवर पाण्याच्या टाक्या दोन. खालच्या सोप्यात मधोमध प्लायवूडची भिंत होती आणि तिच्या दोन्ही अंगांना एकाच रंगाचे पडदे. नंतर कळलं की इकडे थोरला राहतो, तिकडे धाकटा, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

कारण मला थोरल्या सुनेनं सांगितलं. मी राहायला यायच्या आदल्या वर्षी त्यांची आई गेली होती. दुपारी छातीत दुखायला लागलं तेव्हा थोरला दुधाचा टँकर घेऊन राधानगरीच्या बाजूला गेलेला. घरात धाकटा एकटा. आबा कारखान्याच्या कामावर. धाकट्यानं आईला दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. थोरला संध्याकाळी पोचला आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, त्यानं भावाला विचारलं, "किती येळ वाट बघत बसलास?" धाकट्यानं उत्तर दिलं नाही. दहाव्यालाही दिलं नाही. वर्षश्राद्धालाही नाही. तोवर भिंत उभी राहिली होती.

वायरिंग वेगळं करायचं काम आबांनी स्वतः केलं. मुलं बाहेरचा माणूस आणणार होती, तर म्हणाले, "माज्या हातानं वढल्याल्या वायरी हायत, मीच सोडवतो." सहा दिवस लागले. सगळं दोन दोन केलं. फक्त डिशची केबल एकच ठेवली.

त्या केबलीचं गणित मला आबांनीच समजावलं. मी शाळेतली ग्रंथपाल, म्हणून बुकबाईला समजेल अशा भाषेत सांगतो म्हणाले. डिशच्या पुढ्यात एक मुंडकं असतं. ते आंधळं असतं. खालचा बॉक्स त्याला वीज पाठवून सांगतो. तेरा व्होल्ट पाठवले की ते आभाळातून येणाऱ्या उभ्या लाटा बघतं, अठरा पाठवले की आडव्या. निम्मी चॅनेलं उभ्यात, निम्मी आडव्यात. "एका टायमाला एकच बघतंय. दोघांनी दोन सांगितलं, तर जो अठरा मागतोय त्याचं ऐकतंय. तेरावाल्याच्या टीव्हीवर निळा पडदा."

"म्हणजे एकानं अठराचं लावलं की दुसऱ्याचं तेराचं जाणार?"

"जाणार म्हंजे गेलंच की."

"मग दोघांना वेगळी केबल का देत नाही? दोन तोंडांचं मुंडकंही मिळत असेल."

त्यांनी माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मिळतंय. स्लॅबला दुसरं भोक पाडायचं न्हाई मला. पाणी उतरतंय."

मुलांनाही ते हेच सांगत. कधी स्लॅब, कधी आडवं येणारं शेजाऱ्याचं नारळाचं झाड, कधी वाऱ्याचा जोर. धाकट्यानं एकदा स्वतःची डिश आणून दारात ठेवली, तर आबांनी दोन दिवस जेवण घेतलं नाही. डिश परत गेली.

त्यामुळं त्या घरात जे काही बोलणं होई ते तेरा आणि अठरावरून. जिन्याच्या पायथ्याशी एका कॅलेंडरच्या पाठीवर आबांनी वेळापत्रक लावलं होतं. पण कुस्त्या असल्या, कबड्डी असली, सणाचा सिनेमा असला की वेळापत्रक मोडायचं. मग धाकट्या सुनेची मालिका निळी व्हायची आणि ती परसातून थोरल्या जावेला ओरडायची, "आक्का, अठरावर हाय व्हय?" नियम असा होता की उत्तर ज्याच्या हातात रिमोट त्यानंच द्यायचं. आणि रिमोट बहुतेक थोरल्याच्या हातात असायचा. प्लायवूडच्या अलीकडून तो म्हणायचा, "दहा मिन्टं." पलीकडून धाकटा म्हणायचा, "दहा म्हंजे दहा." इतकंच. दोघा सख्ख्या भावांचं दिवसभराचं बोलणं ते एवढंच, आणि तेही न बघता.

मला ते वर माझ्या खोलीत ऐकू यायचं. परसाकडची माझी खिडकी उघडी असायची.

मला तिथं राहून चार वर्षं झाली होती तेव्हा एका गुरुवारी संध्याकाळी सातनंतर मी आबांच्या खोलीत गेले. त्यांनी शाळेच्या ग्रंथालयातून मोटार रिवाइंडिंगचं एक जुनं पुस्तक मागवलं होतं. दार लोटलेलंच होतं. आबा खुर्चीत बसले होते, टीव्हीकडे पाठ करून. टीव्ही चालू, आवाज बंद. पडद्यावर एक बाई आपल्याला न कळणाऱ्या लिपीतल्या पाटीपुढे उभी राहून कोंबड्यांना औषध पाजत होती. आबांचा चेहरा जिन्याकडे. मान वाकडी करून ते ऐकत होते. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

खालून धाकटीचा आवाज आला. "आक्का, अठरावर हाय व्हय?"

थोरला म्हणाला, "आमचं तर बंद हाय."

"मग गेलं कसं?" हा धाकट्याचा आवाज.

"मला काय म्हाईत? वर तिकटीत बघ जा."

"तुमचा बॉक्स तरी बंद हाय का नीट?"

"ये, यून बघ."

पुढचं दोघांचं थोडा वेळ चाललं. आबा प्रत्येक वाक्याला हलकेच मान हलवत होते, जसं कोणी हिशेब पुरा होतोय का बघतं. मग त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत वळून रिमोट उचलला, कोंबड्यांचं चॅनेल बदलून दुसरं लावलं. खाली मालिकेचं संगीत परत सुरू झालं.

"झालं," ते मला म्हणाले. "आजचं झालं."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी पुस्तक हातातच धरून उभी होते. "आबा, हे अठराचं चॅनेल तुम्ही लावता? रोज?"

"रोज न्हाई. ज्या दिवशी आपापलं बोलत्यात त्या दिवशी न्हाई. दिवस कोरडा गेला तर."

"पण थोरल्यांवर उगीच आळ येतो."

"येऊ दे की. भांडताना तरी त्वांड उघडत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, मी गेलो की ह्ये घर बंद पडंल. मीटर दोन हायत, बिल भरतील, सगळं चालंल. पण बंद पडंल. मला रातीला झोप लागत न्हाई हो त्यानं."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले आणि त्यांची धास्ती माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी सात वाजले की माझं वाचनातलं लक्ष उडायचं. खाली चित्र गेलं की मी घड्याळ बघायचे. सात पाच, सात दहा. दहा मिनिटांत, फार तर पंधरा, आबा चॅनेल परत फिरवायचे. कोणी जिना चढून वर आलं तर? त्यांच्या खोलीत डोकावलं तर? बापच हे करतो असं कळलं तर ही दोन मुलं त्यांच्याशीही बोलायची थांबतील, ही भीती मला आबांपेक्षा जास्त होती. आबा निवांत असायचे. दहा मिनिटांत झालं की त्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज यायचा, काम उरकल्यासारखा.

एकदा मात्र निभावलं नव्हतं. आदल्या दोन संध्याकाळी चित्र गेलं होतं, तिसऱ्या दिवशी ऐन सामन्यात गेलं. धाकट्याला खात्री पटली की थोरला मुद्दाम करतोय. थोरला रिमोट घेऊन त्याच्या दारात आला आणि तो उंबऱ्यावर आपटून म्हणाला, "घे, तूच ठिव. मला नगो तुजा टीव्ही." धाकटा घरातून पक्कड घेऊन आला आणि जिना चढायला लागला. मी दारात उभी होते. तो माझ्या पुढून गेला, कपाळावरची शीर फुगलेली. मागोमाग थोरला. दोघांच्या आधी आबा गच्चीवर कसे पोचले मला माहीत नाही. मी वर गेले तेव्हा ते डिशच्या पाइपला मिठी मारून उभे होते.

"सोडा आबा. तोडून टाकतो. कटकट गेली."

"आधी मला तोड."

"तुमचं काय मधी? ह्यो हाय की नाटकी."

"नाटकी कुणाला म्हणतोस रं?" थोरला म्हणाला. "आमचं बंद हुतं. शपथ घिऊन सांगतो, बंद हुतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं असतं तर थोरला सुटला असता. मी माझ्या पायाकडे पाहिलं. मग आबांनी खिशातला टेस्टर काढला, डिशच्या जोडावर दोनदा टेकवला आणि वायरमनच्या आवाजात म्हणाले, "गंज चढलाय. दोघांचाबी दोष न्हाई. कनेक्शन लूज हाय." धाकट्यानं पक्कड खाली केली. थोरल्यानं ती त्याच्या हातातून घेऊन जोड आवळला. धाकट्यानं पाइप धरला. दोघे पाच मिनिटं काम करत होते आणि आबा बाजूला उभे राहून न बिघडलेलं ते दुरुस्त होताना बघत होते.

खाली येताना मला म्हणाले, "तुमी गप बसला, लई बरं झालं." मला बरं वाटलं नाही.

त्यानंतर आला तो रविवार मात्र अगदी साधा होता. सकाळी ते तिकटी बघायला आले होते. जाता जाता म्हणाले, "आज दोघंबी घरात हायत. संध्याकाळी जरा ताणतो. बघू किती बोलत्यात."

सात पाचला चित्र गेलं. धाकटी ओरडली. थोरला म्हणाला, "आमचंबी गेलंय." मग दोघांचं थोडं झालं आणि थोरल्यानं वर हाक मारली, "आबा, तिकटी बघा की." वरून उत्तर नाही. मला वाटलं, ताणताहेत. सात वीस झाले. साडेसात. धाकटीची मालिका संपली असेल एवढा वेळ गेला आणि ती शिव्या घालत स्वयंपाकाला लागली. मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. जाऊन दार वाजवलं आणि त्यांचा खेळ उघडा पडला तर? नाही गेले आणि... ते दुसरं वाक्य मी मनात पुरं केलं नाही. मी पुस्तकाचं पान उलटलं, मागचं काहीही न वाचता. साडेसातलाच मला कळलं होतं की आबा इतका वेळ कधीच ठेवत नाहीत. मी उठले ते आठला.

ते खुर्चीत होते, टीव्हीकडे पाठ करून. रिमोट मांडीवर. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे आणि माझ्यावर. मी जिन्यावरून ओरडले. मी कधी ओरडत नाही, त्यामुळं दोघेही एकदम आले. त्यांनी खुर्चीसकट आबांना उचललं. अरुंद जिन्यावर "जरा वर घे", "थांब", "आता वळीव", असं एकमेकांना सांगत त्यांना खाली नेलं. मी मागून आबांचा पंचा हातात घेऊन उतरत होते.

डॉक्टर म्हणाले, झटका बसल्यावर पहिला तास महत्त्वाचा असतो. जरा लवकर आणायला हवं होतं. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघेही उभे होते तिथून एकेक पाऊल मागे सरकले. ते मी पाहिलं आणि तरी काही बोलले नाही.

आबा त्यानंतर नऊ दिवस जगले. बोलले नाहीत. भाऊ पाळी लावून बसत, एक दिवसा, एक रात्री, म्हणजे भेट होण्याचा प्रश्न नाही. मी शाळा सुटल्यावर जायचे. आबा मला ओळखत होते असं मला वाटतं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मला सुतक नव्हतं. मी भाडेकरू. सकाळी शाळेत जायचे, पुस्तकांवर शिक्के मारायचे, संध्याकाळी येऊन खिडकी उघडून बसायचे. खाली आवाज नव्हता. दुखवट्यात टीव्ही बंद होते, त्यामुळं तेरा नाही आणि अठरा नाही. पाहुणे येत, दोन दारांनी दोन वेळा भेटून जात. आबांना ज्याची भीती होती ते हेच, असं मला रोज वाटायचं.

विधी उरकल्यानंतरच्या रविवारी दुपारी दोघे भाऊ आणि दोघी जावा आबांची खोली आवरायला वर आले. मलाही बोलावलं, कारण जिकडे तिकडे आबांच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या आणि त्यांचं अक्षर फक्त मला लागायचं. मी वाचून दाखवत होते. 'जुना फ्यूज, टाकू नये.' 'ह्याला हात लावू नये.' 'ह्यात काही नाही.' त्या डब्यात खरंच काही नव्हतं. धाकटी हसली आणि तिनं झाकण लावून टाकलं.

धाकट्यानं टीव्ही चालतो का बघायला बटण दाबलं. चित्र आलं, आवाज नाही. भाताच्या खाचरात उभा राहून एक माणूस हातवारे करून काही सांगत होता. खाली ती अनोळखी लिपी.

"ही कुठली भाषा?" थोरल्यानं विचारलं.

"उडिया असंल," धाकटी म्हणाली.

"आबांना कवापासनं कळाय लागली?"

मी सांगितलं. सलग सांगता आलं नाही. खिडकीपासून सुरुवात केली, मग कोंबड्यांवर गेले, मग गच्चीवर. त्यांना हळूहळू समजत गेलं. थोरला मध्येच म्हणाला, "म्हंजे आमचं खरंच बंद हुतं." आणि भावाकडे न बघता, टीव्हीकडे बघून हसला. "बापानं शिव्या खायला घातल्या मला. तीन वर्सं." धाकट्याच्या तोंडावरही काहीतरी हललं. मी तिथंच थांबले असते तर चाललं असतं. पण मग मी त्या रविवारचं सांगितलं.

हसू गेलं. थोरल्यानं विचारलं, "एरवी किती येळ ठिवायचे?"

"दहा मिनिटं. फार तर पंधरा."

"आणि त्या दिवशी तुमच्या ध्येनात कवा आलं?"

"साडेसातला."

"दार कवा वाजवलं?"

"आठला."

"अर्धा तास," तो म्हणाला.

"हो."

धाकटी म्हणाली, "आमीबी खालीच हुतो की, भावजी. मालिका गेली म्हणून बोंबलत बसलो."

थोरला आबांच्या खुर्चीत बसला. त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. आता हा विचारेल आणि मला उत्तर द्यावं लागेल, की अर्धा तास मी काय करत होते, आणि मी सांगेन की पुस्तकाचं पान उलटत होते, असं माझ्या मनात आलं. तो म्हणाला, "ह्याला मी ह्येच इचारलं हुतं. दवाखान्यात, सगळ्यांम्होरं. किती येळ वाट बघत बसलास म्हणून. आता तुमाला काय इचारू, बाई?"

धाकटा टीव्हीमागची वायर हाताला गुंडाळत होता. पाठमोराच. म्हणाला, "दोन तास."

कोणाला काही कळलं नाही.

"आईचं म्हणतोय मी. दोन तास वाट बघितली. रिक्षा दारात आणून उभी केलती. ती उठंना. म्हणाली, थोरल्याला येऊ दे, त्यो आल्याबिगर मी न्हाई जायाची. तुजा फोन लावत हुतो. राधानगरीकडं रेंज न्हवती. शेवटाला उचलूनच नेली."

थोरला म्हणाला, "मग सांगितलं न्हाईस कवा?"

"काय सांगू?" धाकटा अजून पाठमोराच होता. "तुजी वाट बघत गेली म्हणून सांगू तुला?"

टीव्हीवरचा तो माणूस रोपांची मुळं उचलून दाखवत होता. थोरल्या सुनेनं जावेच्या हाताला धरलं आणि दोघी जिन्यानं खाली गेल्या. मीही उठले. थोरला खुर्चीतून उठून भावाच्या मागे जाऊन उभा राहिला होता आणि त्याला काय करायचं ते सुचत नव्हतं. शेवटी त्यानं त्याच्या हातातली गुंडाळलेली वायर सोडवायला घेतली.

मी माझ्या खोलीत आले आणि दार ओढून घेतलं. भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत होता, कधी एकाचा, कधी दुसऱ्याचा, मग दोघांचा एकदम. माझी खिडकी उघडी होती. शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून मी ती लावून घेतली.